खोकल्याची पहिली आवृत्ती

आमच्या भागातल्या पोस्टमनला मी आवडत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आठवड्यातून दोनदा तरी त्याला माझ्यापायी चार मजले चढावे लागतात, कारण माझी पार्सलं खालच्या पत्रपेटीत मावत नाहीत. परदेशातून येणारी सीडी काही उघड्या अंगाने येत नाही. आधी पुठ्ठा, त्यावर फुगेवालं प्लास्टिक, त्यावर खोकं, आणि खोक्याला चिकटपट्टीचे सात वेढे. सही घेताना पोस्टमन दर वेळी विचारतो, "पुन्हा तेच का?"

"तेच नाही, वेगळं आहे," मी म्हणते.

"दारातून आवाज तर तोच येतो."

संगीतातलं काही न कळणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. म्हणजे घालते, पण चार मजले चढून आलेल्याशी नाही.

मी बरोक संगीताच्या सीडी जमवते. हे युरोपातलं तीनेकशे वर्षांपूर्वीचं संगीत. मला ते आवडतं, कारण त्यात एकाच वेळी तीन-चार सुरावटी चालतात, प्रत्येकीचं आपलं वेगळं म्हणणं असतं, कोणी कोणाला गप्प करत नाही, आणि शेवटी सगळ्या एकाच जागी येऊन पोचतात. असं मी कुठल्याही घरात पाहिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या संसारात तर नाहीच. बारा वर्षांपूर्वी नवरा निघून गेला तेव्हा जाताना स्पीकर घेऊन गेला, आणि खरं सांगते, स्पीकरचं दुःख जरा जास्त झालं.

लोक विचारतात, हे सगळं मोबाईलवर फुकट मिळत नाही का? मिळतं, पण जे विकायला परवडतं तेच मिळतं. बंद पडलेल्या लहान कंपन्यांच्या दोनचारशे प्रतींच्या सीडी तिथे कोण टाकणार? त्या असतात कुठल्या तरी लांबच्या देशात, कुणाच्या तरी माळ्यावर, आणि विकणारा त्या इंटरनेटवर चढवतो तेव्हा आम्ही त्याच्यावर तुटून पडतो. हे विकणारे ही एक वेगळीच जमात आहे. त्यांची भाषा शिकायला मला दोन वर्षं लागली. "नव्यासारखी" म्हणजे वापरलेली. "खूप चांगली" म्हणजे ओरखडे आहेत, पण वाजते. "चांगली" म्हणजे तिच्यावर कोणीतरी कप ठेवत होतं. आणि "ठीक" असं लिहिलेलं असेल, तर तो माणूस प्रामाणिक आहे, पण सीडी घेऊ नका.

आई माझ्याजवळच राहते. ती एक्याऐंशीची आहे, कान तिखट आहेत आणि जीभ त्याहून. मी सीडी लावली की दहा मिनिटांनी आतल्या खोलीतून आवाज येतो, "झाले का चमचे धुऊन?"

गंमत म्हणजे हे वेड आमच्या घरात आलं ते तिच्याच नवऱ्यामुळे. बाबा वाद्यं जुळवायचे. पियानो जुळवायचे, पण त्यांचा खास हात होता तो हार्पसिकॉर्डवर. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचा पणजोबा. पियानोत तारांवर हातोड्या पडतात, यात तारा छेडल्या जातात, आणि हे वाद्य इतक्या नाजूक प्रकृतीचं, की खोलीत दोन दिवे जास्त लावले तरी रुसून बेसूर होतं. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी वाजवणाऱ्याबरोबर जुळवणाराही हजर लागतो. प्रत्येक तुकड्याआधी बाबा तारा सारख्या करायचे आणि मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर श्वास रोखून बसायचे, कारण स्टुडिओचं दार करकरायचं आणि ये-जा करायला मनाई होती. सीडीबरोबरच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर, छापखान्याच्या नावाच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरात त्यांचं नाव असे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणत असते. पण बाबांचं नाव वाचायला मलाही भिंग लागतं. अशा चौदा सीडी माझ्याकडे आहेत. त्या चौदांवरून सुरुवात झाली आणि आता कपाटांना जागा उरलेली नाही.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. एका सकाळी चहा पिता पिता आईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, एक विचारू? त्यांचा आवाज कसा होता गं?"

"म्हणजे?"

"आठवत नाहीये मला. चेहरा आठवतो, फोटो आहे. हात आठवतात. आवाज आठवायला जाते, तर तो रेडिओवरचा बातम्या देणारा बोलायला लागतो. परवापासून प्रयत्न करतेय. येतच नाही."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, बाबा बोलायचे तरी कुठे, आठवणार काय. पण मीही मनातल्या मनात बाबांना बोलायला लावून पाहिलं आणि मलाही काही ऐकू आलं नाही. हे मी तिला सांगितलं नाही.

मग मी सगळं घर उलटंपालटं केलं. बाबा फोनवर कधी निरोप ठेवायचे नाहीत. त्यांना ते भिंतीशी बोलल्यासारखं वाटे. मावसबहिणीच्या लग्नाची एक व्हिडिओ टेप होती. तीत बाबा अकरा सेकंद दिसतात आणि अकराही सेकंद त्यांच्या तोंडात घास आहे. कोणीतरी काहीतरी विचारतं, ते मान हलवतात आणि कॅमेरा पुढे जातो. म्हणजे माझ्या घरात साडेतीन हजार सीडी, त्यात तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचं सगळं जपून ठेवलेलं, आणि स्वतःच्या बापाचा एक शब्द नाही. कपाळाला हात लावून बसले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, एका बंद पडलेल्या कंपनीच्या सीडींबद्दल वाचताना मला जमवणाऱ्यांच्या एका साइटवर कोणाचा तरी जुना संताप सापडला. बाबांच्या चौदांपैकीच एक सीडी होती. त्या गृहस्थाने लिहिलं होतं: पहिली आवृत्ती चुकूनही घेऊ नका. शेवटच्या संथ तुकड्यात, तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांवर, कोणीतरी मूर्ख खोकतो. दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने शहाणपणा करून तो तुकडा पुन्हा वाजवून घातला आहे, तीच घ्या.

आमच्या कपाटात होती ती दुसरी आवृत्ती, आणि पहिलीच्या वेळी त्या खोलीत वाजवणाऱ्याखेरीज बाबाच बसलेले असणार. मी उठून आईकडे धावले. तिने ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगो बाई! खरंच की. त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, रेकॉर्डिंगमध्ये खोकलो. तो वाजवणारा म्हणे ऐकेना. माझ्या हातून असं पुन्हा वाजायचं नाही, खोकल्यासकट राहू दे, म्हणाला. मग लोकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा कुठे तो पुन्हा वाजवायला तयार झाला. हे महिनाभर कोणाला तोंड दाखवत नव्हते."

"पहिली सीडी घरी का नाही आणली?"

"आपली फजिती कोण घरी आणतो?"

मग ती चष्म्याची काडी चाळवत बसली. "खोकला म्हणजे काही बोलणं नव्हे," ती म्हणाली, "पण गळा तर त्यांचाच ना? मिळेल का गं ती?"

माझ्या आईने मला आजवर हजार कामं सांगितली आहेत, पण ती हुकूम सोडते. मागत नाही. त्या दिवशी तिने मागितलं. मी म्हटलं, मिळवतेच.

बोलणं सोपं होतं. दोन्ही आवृत्त्यांचं वेष्टन एक, चित्र एक, पाठीवरचा क्रमांकही एक. फरक एकाच ठिकाणी: सीडीच्या चकचकीत बाजूला, मधल्या भोकाभोवती एक कडं असतं, त्यावर कारखान्याने कोरलेला इवलासा आकडा असतो. पहिल्या आवृत्तीच्या आकड्याच्या शेवटी शून्य एक, दुसरीच्या शेवटी शून्य दोन. म्हणजे जगभरातल्या विकणाऱ्यांना आता मला खालची ओळ वाचायला लावायची होती.

एकाने कळवलं, "कड्यावर काही नाही. मला फक्त माझा चेहरा दिसतो." दुसऱ्याने तत्परतेने फोटो पाठवला, आणि त्यात त्याचा अंगठा नेमका आकड्यावर होता. एका बाईंची सीडी कारखान्यातून निघाली तशी सीलबंद होती. त्यांचं उत्तर, "उघडली तर किंमत जाईल. उघडायची नाही." मी विचारलं, मग ती ऐकणार कोण? त्यावर त्यांनी मला ब्लॉक केलं. चौथ्याने मात्र लगेच लिहिलं, "हो हो, शून्य एकच आहे." पाच आठवड्यांनी पार्सल आलं, बघते तर शून्य दोन. या जातीची माणसं मी दुकानात रोज बघते. चष्मा लागू नये म्हणून तक्ता पाठ करून येतात आणि डोळे मिटूनही बरोबर वाचतात.

अशा तीन चुकीच्या प्रती आल्या. मी आईला सांगायची, आकडा दुसरा आहे, उपयोग नाही. पण ती ऐकायची नाही. "आकडा कोरणाराही माणूसच ना? चुकला असेल. लाव." मग खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसायची, मांडीवर हात ठेवून, आणि तो संथ तुकडा पुरता ऐकायची. चमच्यांचं नाव काढायची नाही. तीन बेचाळीस येऊन जायचं. पहिल्या वेळी ती म्हणाली, "चला, प्रकृती बरी होती म्हणायची." दुसऱ्या वेळी म्हणाली, "आज औषध घेऊन गेलेले दिसतात." तिसऱ्या वेळी उठली आणि आत जाऊन पडली. मला तिच्या टोमण्यांची कधी नव्हे इतकी आठवण आली.

शेवटी गाठ पडली ती एका निवृत्त क्रेनवाल्याशी. कुठल्याशा बंदरात त्याने जन्मभर क्रेन चालवली होती, आणि आता गेलेल्या भावाचा सीडींचा साठा विकत होता. त्याने लिहिलं, "बाई, मी साठ फुटांवरून खालच्या पेट्यांचे आकडे वाचायचो. तुमचा आकडा वाचायला मला भिंग, टॉर्च आणि बायको लागली. शेवटी शून्य एक आहे. पण तुम्हाला फसवायचं नाही. ही वाईट प्रत आहे. माझ्या भावाने आत चिठ्ठी ठेवलीय, 'सावधान, खोकला'. दुसरी चांगली प्रतही आहे, त्याच किमतीत देतो."

मी उलट टपाली कळवलं, "मला खोकलाच हवा आहे."

त्याचं उत्तर आलं, "पाठवतो. जपा."

पार्सल यायला महिना लागला. शेवटच्या आठवड्यात पोस्टमनच्या वेळेला आई दारातच खुर्ची टाकून बसायची. त्याने खोकं दिलं तेव्हा तिने ते माझ्या हातात पडूच दिलं नाही. पोस्टमन म्हणाला, "आजी, तुम्हीपण?" आई म्हणाली, "जा बाबा तू, आमचं खासगी आहे."

जकातीच्या चिठ्ठीवर क्रेनवाल्याने लिहिलं होतं: वापरलेलं गोल प्लास्टिक, एक नग. आत सीडी, भावाची चिठ्ठी, आणि कड्यावर स्वच्छ शून्य एक. मी सीडी उजेडात धरली आणि मन खट्टू झालं. बाहेरची कड तपकिरी पडली होती, बशीला चहाचा डाग पडतो तशी. काही जुन्या सीडींना हा रोग होतो. आतला चांदीचा पापुद्रा गंजतो, आणि गंज बाहेरच्या कडेकडून आत सरकतो. सीडी वाजते मात्र आतून बाहेर. म्हणजे पहिले तुकडे ठणठणीत, आणि शेवटचा तुकडा नेमका गंजाच्या तोंडी.

तसंच झालं. सुरुवातीचं सगळं झकास वाजलं. शेवटचा संथ तुकडा लागला, आई पुढे सरकली, आणि एक मिनिट दहा सेकंदांवर टक्, टक्, टक्, आणि शांतता. मी सीडी पुसली, दुसऱ्या प्लेयरमध्ये घातली. तिथे पन्नास सेकंद. तिसऱ्यात तर दहाच.

"खोकल्याआधीच दम लागला," आई म्हणाली.

आता एकच माणूस उरला, आमचा कानसेन. हा माझं जुनं गिऱ्हाईक आणि जुना मित्र. पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचा. तळमजल्यावर उभं राहून नवव्या मजल्यावरचं कुठलं चाक झिजलंय हे तो नुसतं ऐकून सांगायचा. तोही बरोकवाला. त्याच्याकडे पाच जुने प्लेयर आहेत, आणि त्यातला एक असा, की बाकीच्यांनी हात टेकलेली सीडीही वाचतो. त्यावरून तो कॉम्प्युटरवर कॉपी काढतो आणि मग तिची साफसफाई करतो. टकटक, घरघर, खुर्च्यांची कुरकुर, वाजवणाऱ्याचं नाक ओढणं, सगळं वेचून काढतो. तांदळातले खडे निवडावेत तसं. त्याच्या कानाला कुसळ खपत नाही.

मी त्याला सीडी दिली आणि म्हटलं, "याची कॉपी काढून दे. आईसाठी हवीय. जपून कर, बाबांनी जुळवलेलं आहे."

आणि खोकल्याचं बोलले नाही. का नाही बोलले? तर लाज वाटली. हा माणूस पहिल्या आवृत्तीचं नाव काढलं तरी नाक मुरडणारा. त्याला काय सांगायचं, की मी सात महिने आणि चार देश धुंडाळून एक खोकला विकत घेतलाय? म्हटलं, कॉपी आली की झालं, त्याला कशाला सगळं पुराण. शहाणपणाचं गाठोडं पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांपैकी मी एक, त्यात काय बांधलंय ते वेळेला कधी आठवत नाही.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी कानसेन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात नवी कोरी सीडी, वर त्याने स्वतः छापलेलं वेष्टन. आणि मागच्या बाजूला बाबांचं नाव, चांगल्या ठसठशीत अक्षरात, भिंगाशिवाय वाचता येईल असं. आईने केस विंचरून ठेवले होते. तिने त्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बस बाळा, तूही ऐक."

आम्ही तिघं बसलो. संथ तुकडा लागला. एक मिनिट दहा गेलं, कुठे टक् नाही. दोन गेलं. तीन गेलं. आईने डोळे मिटले आणि डावा कान पुढे केला. मी घड्याळाकडे बघत होते. तीन चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस.

वाद्य वाजत राहिलं. पंचेचाळीस. पन्नास.

"येऊन गेला का?" आईने डोळे न उघडता विचारलं.

कानसेनच्या चेहऱ्यावर पेढे वाटल्यासारखा आनंद. "कळलंसुद्धा नाही ना, काकू? तिथे एक भयंकर खोकला होता! एकाच वेळी तीन सुरांवर आडवा पडलेला. तीन दिवस लागले मला तो काढायला, पण एक सूर दुखावला नाही. मुद्दाम तुमच्यासाठी म्हणून केलं. म्हटलं, काकांच्या कामात डाग कशाला?"

सुंठीवाचून खोकला गेला, असं लोक खुशीत म्हणतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अतिशहाणा म्हणाले, कानात बोळे घाल म्हणाले, तुझ्या पाचही प्लेयरांना गंज लागो म्हणाले. तो बिचारा माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होता. मी हात पुढे केला. "मूळ सीडी आण. आत्ताच्या आत्ता. मी तुझ्याच यंत्रावर ऐकते."

"ती संपली गं," तो हळूच म्हणाला. "एकदाच वाचली गेली. दुसऱ्यांदा घातली तर कडेचा पापुद्राच सुटला. आता शेवटचा तुकडा कुठलंच यंत्र वाचत नाही. पण कॉपी आहे ना, म्हणून मी..."

सात महिने, आणि आईला ऐकवलं काय, तर रिकामी जागा.

आईच पहिली बोलली. रागावली नाही. तिने त्याला जवळच्या खुर्चीकडे खूण केली. "अरे, तो खोकणारा माणूस म्हणजे हिचे बाबा होते. त्यांचा आवाज कुठेच नाही राहिलेला. मला आठवेनासा झालाय. तेवढाच होता. तुला कसं माहीत असणार? हिने सांगायला नको का?"

कानसेनचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हा रडतो. पण तो एकदम उठला आणि निघाला. जिन्यावरून त्याची धावती पावलं ऐकू आली. बूट आमच्याच दाराशी राहिले होते. मी ते उचलून खिडकीतून फेकणार होते, पण आई म्हणाली, "राहू दे, येईल परत."

वीस मिनिटांनी तो आला. मोजे काळेकुट्ट, धाप लागलेली, काखेत लॅपटॉप. "मी टाकत नाही," तो म्हणाला.

"काय टाकत नाहीस?"

"काढलेलं. मी काढलेलं काहीच टाकत नाही."

त्याने लॅपटॉप उघडून आमच्यासमोर ठेवला. 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये सतरा वर्षांची यादी होती. त्याने जगातल्या बरोक संगीतातून उपसून काढलेला एकेक आवाज, तारखेसह, नाव देऊन, ओळीने लावलेला. खुर्ची करकरली. पान उलटलं, घाईत. वाजवणारा गुणगुणतो. बाहेर ट्रक. चिमणी, बहुधा नर. ज्या माणसाला कुसळ खपत नव्हतं, त्याने सगळी कुसळं जपून ठेवली होती. मी कोण हसणार? माझ्याकडे तरी काय, तीन चुकीच्या प्रती कपाटात क्रमाने लावलेल्या आहेतच. आमच्यासारख्यांच्या हातून काही एक टाकलं जात नाही, आणि या एका वेडापुढे मी त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले.

यादीच्या अगदी तळाशी होतं: खोकला, पुरुष, मध्यमवयीन.

"पाच मिनिटं द्या," कानसेन म्हणाला, "संगीतात होता तिथे परत बसवून देतो. कळणारही नाही कधी काढला होता."

"नको," आई म्हणाली. "संगीत नंतर. आधी नुसता तेवढाच लाव."

त्याने आवाज वाढवला आणि बटण दाबलं.

आधी नुसती खोलीची शांतता. मग खुर्ची जराशी हलली. मग एक दाबलेला आवाज, ओठ घट्ट मिटून कोणीतरी निकराने आवरून धरलेला, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग आवरेना म्हणून फुटलेला मोठा, खरखरीत, कोरडा खोकला. सगळं मिळून सहा सेकंद.

"अहो, पाणी घ्या आधी!" आई ओरडली.

स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली. ती खुर्चीतून अर्धी उठली होती. ती तशीच थांबली, मग हळूहळू खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण चेहरा हसत होता.

"काही नाही गं, धूळ आहे जराशी," ती म्हणाली.

हे ती तिच्या आवाजात म्हणाली नाही. तिचा आवाज पार खाली उतरला होता, शब्द नाकातून येत होते, आणि 'जराशी'वर किंचित रेंगाळले होते. तो बाबांचा आवाज होता. दारातून आत येताना, हत्यारांची पेटी खाली ठेवताना, मी परीक्षेत नापास झाले तेव्हा बाजूला बसून, सगळीकडचे बाबा एकदम बोलायला लागले. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलीसारखी रडले. तीही रडत होती आणि मधून मधून त्याच आवाजात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, "धूळ आहे जराशी, धूळ आहे," पुन्हा हरवायला नको म्हणून.

कानसेनने काळ्या मोज्यांचे पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. बराच वेळ त्याला कुठे बघावं कळेना. शेवटी घसा साफ करायची सोय नव्हती म्हणून तसाच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काकू, पुन्हा लावू?"

"थांब रे जरा," आई म्हणाली. "श्वास तरी घेऊ दे त्यांना."